जनुक-दुरुस्तीच्या कागदावर सही करण्याआधी

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीत ‘बिरसा 101’ची घोषणा झाली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची पहिली भारतीय क्रिस्पर उपचारपद्धती (क्रिस्पर म्हणजे जनुकात नेमक्या जागी काप घेऊन बदल करण्याचं तंत्र), बिरसा मुंडांच्या नावाची. दिल्लीच्या सरकारी जनुकशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयजीआयबीनं, ती विकसित केली आणि उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिली. पुढच्या पंधरा दिवसांत माझ्या दारात तीन कुटुंबं येऊन गेली. पहिल्यात माझाच एक जुना विद्यार्थी होता. मोबाईलवरची बातमी दाखवत म्हणाला, “बाई, पोरीचं जीन बदलून देतात म्हणे. नाव कुठं द्यायचं?”

मी चंद्रपूर जिल्ह्यात तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. माझी धाकटी मुलगी एसएस आहे, म्हणजे आईबाप दोघांकडूनही सिकलसेलचं एस जनुक आलेली, म्हणून आजार असलेली; आता सव्वीस वर्षांची. निवृत्तीनंतर नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर मी बसते. औषधाची चाचणी माणसांवर करायची तर अशी समिती लागते, आणि तिच्यात डॉक्टर किंवा वैज्ञानिक नसलेला एक साधा नागरिक असावाच लागतो. ती जागा माझी. संमतीपत्राचा मराठी मसुदा वाचायचा आणि हे माझ्या शेजारणीला कळेल का, ते सांगायचं, एवढंच माझं काम. त्या विद्यार्थ्याला ओट्यावर बसवून जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. उद्या तुमच्यासमोर असा कागद आला तर तो कसा वाचायचा, काय विचारायचं आणि कुठे थांबायचं.

आधी बघा, समोर काय ठेवलंय

बातमी, चाचणी आणि उपचार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिस्परवर आधारलेला कॅसजेव्ही हा सिकलसेलचा उपचार नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर. त्याच्या मुख्य अभ्यासात पुरेसा काळ पाहणीत राहिलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग वर्षभर तरी मोठा क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचा झटका, आला नाही. ज्या घरात दर पावसाळ्यात आणि दर थंडीत मूल सलाईनवर असतं, त्या घराला हा आकडा काय वाटतो ते मला माहीत आहे. मीही तो दोनदा वाचला होता.

पण घोषणा झाली म्हणजे औषध दवाखान्यात आलं असं होत नाही. मधे चाचण्या असतात, आणि चाचणी हा उपचार नव्हे. ज्याचं उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नात तुमचं मूल सहभागी होतं. म्हणून कुणी “नाव नोंदवा” म्हणालं की पहिल्यांदा सीटीआरआय क्रमांक मागा. 2009 पासून भारतातली प्रत्येक औषध-चाचणी त्या सरकारी नोंदवहीत टाकणं बंधनकारक आहे. क्रमांक मिळाला की कॉलेजातल्या कुठल्याही पोराला संकेतस्थळावर शोधायला सांगा. कोण करतंय, कुठल्या रुग्णालयात, कुठल्या समितीची परवानगी आहे, सगळं तिथे दिसतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, किंवा चाचणीत घेण्यासाठी पैसे मागितले, तर चहा अर्धा टाकून उठून या.

कोणत्या पेशी बदलणार?

हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवते, आणि उत्तर एका वाक्यात मिळाल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही.

सिकलसेल म्हणजे एका अक्षराची चूक. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती लिहिलेल्या जनुकात जीएजी हवं तिथे जीटीजी पडलेलं असतं. वर्गात मी ‘दिन’ आणि ‘दीन’ फळ्यावर लिहायची. वेलांटी बदलली की दिवसाचा गरीब होतो. इथे अक्षर बदललं की प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात.

आता ‘दुरुस्ती’ हा शब्द तपासून घ्या. कॅसजेव्ही ते चुकलेलं अक्षर सुधारतच नाही. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं आणि जन्मानंतर ते बनणं जवळपास थांबतं. ते थांबवणारं एक बटण, बीसीएल11ए नावाच्या जनुकाचं, रक्ताच्या मूळ पेशींमध्ये, म्हणजे ज्यांतून सगळं रक्त तयार होतं त्या पेशींमध्ये, निकामी केलं जातं. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि पेशी वाकत नाहीत. चूक जागेवरच राहते. दुसऱ्या एखाद्या पद्धतीत अक्षरच बदलत असतील. तुमच्या कागदात नेमकं काय करणार आहेत, ते डॉक्टरांकडून साध्या मराठीत वदवून घ्या.

हे सगळं रक्ताच्या मूळ पेशींत घडतं. अंडाशयातली अंडी, वृषणातलं बीज यांना हात लागत नाही. याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला: बदल तुमच्या मुलीपुरता आहे, तिच्याबरोबर संपेल. म्हणूनच अशा उपचाराला जगभर परवानगी मिळू शकते. दुसरा अर्थ फारसं कुणी सांगत नाही. उपचार शंभर टक्के यशस्वी झाला तरी ती आपल्या प्रत्येक लेकराला एस जनुकच देणार. तिला क्रायसिस येत नाही, ती ठणठणीत दिसते, म्हणून होणाऱ्या जावयाची रक्ततपासणी राहून गेली आणि तो एएस निघाला, म्हणजे एकच एस जनुक असलेला वाहक, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता निम्मी. “आता बरी झाली” म्हणून तपासणीचा कागद फाडू नका.

शरीराला काय सोसावं लागतं

बातमीत एक इंजेक्शन दिसतं. यकृताच्या एका दुर्मीळ आजारासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका बाळाला 2025 मध्ये खास त्याच्यासाठी बनवलेलं औषध खरोखर शिरेतून दिलं गेलं. पण सिकलसेलचा मान्यता मिळालेला उपचार तसा नाही. आधी औषध देऊन मूळ पेशी रक्तात आणतात, यंत्रावर बसवून त्या वेगळ्या काढतात, आणि पुरेशा मिळाल्या नाहीत तर तेच पुन्हा करतात. पेशी प्रयोगशाळेत जातात, परत यायला महिने लागतात. त्या आल्या की बुसल्फान नावाची केमोथेरपी देऊन हाडांतला जुना मगज रिकामा करतात, मग बदललेल्या पेशी सोडतात. त्या रुजेपर्यंत चार ते सहा आठवडे रुग्णालयात. केस गळतात, तोंड फोडांनी भरतं, साधा सर्दीतापही जिवावर येऊ शकतो.

बुसल्फानमुळे मूल होण्याची क्षमता कायमची जाऊ शकते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे.

एकदा आमच्या समितीसमोर एका चाचणीचं संमतीपत्र आलं होतं. औषध वेगळं होतं, धोका हाच. बावीस पानं, आणि सतराव्या पानावर लिहिलेलं, “प्रजननक्षमतेवर परिणाम संभवतो.” मी विचारलं, हे कुणाला कळणार? तिथे लिहा, ‘पुढे मूल होणार नाही असं घडू शकतं’, आणि ते दुसऱ्या पानावर घ्या. त्यावरून पाऊण तास वाद झाला. पालक घाबरतील, असं चाचणी करणाऱ्यांचं म्हणणं. घाबरण्याचा हक्क पालकांचा आहे, असं माझं. शेवटी वाक्य बदललं. तुमच्या हातातल्या कागदावर ते कुठे आहे, ते पेन घेऊन शोधा. आणि विचारा: केमोआधी अंडी, बीज किंवा अंडाशयाचा भाग गोठवून ठेवायची सोय आहे का, आणि तो खर्च कोण करणार? बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या आईबापांनी हे बोलायला लाजू नये. पंचवीस वर्षांची झाल्यावर ती हाच प्रश्न तुम्हाला विचारेल.

प्रत्येक संमतीपत्रात आणखी एक वाक्य असतं: “आपण चाचणीतून केव्हाही बाहेर पडू शकता.” नियमाप्रमाणे ते असलंच पाहिजे, आणि साध्या गोळीच्या चाचणीत ते पुरेपूर खरंही आहे. इथे मात्र त्याचे तुकडे करून वाचावे लागतात. पेशी काढण्यापर्यंत तुम्ही निर्धास्त बाहेर पडू शकता. केमो दिल्यानंतर आणि पेशी सोडण्याआधी बाहेर पडणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पेशी सोडल्यावर तुम्ही तपासण्यांना जाणं बंद करू शकता, पण झालेला बदल परत घेता येत नाही. डॉक्टरांना सांगा, माघारीची शेवटची तारीख कोणती ते आमच्या प्रतीवर लिहून द्या. चांगला डॉक्टर या मागणीवर रागावत नाही.

क्रिस्परला नेमकी जागा दाखवायला एक वाटाड्या रेणू असतो. त्याच्याशी मिळतीजुळती अक्षरं जनुकसंचात दुसरीकडेही असू शकतात आणि तिथेही काप बसू शकतो. ते लगेच दिसेलच असं नाही, म्हणून अशा रुग्णांवर 15 वर्षं लक्ष ठेवावं असं अमेरिकेच्या औषध नियामकाचं सांगणं आहे. पंधरा वर्षं! गावाहून नागपूरला येण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचं जेवण हे सगळं कोण देणार, किती वर्षं देणार? इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा नियमातला हक्क आहे, पण तो कुठल्या टेबलावर जाऊन मागायचा? नाव आणि फोन नंबर कागदावर हवा.

हो कोण म्हणणार

2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प झाला. वसतिगृहांतल्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदेच्या समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. आमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारची किती लेकरं आश्रमशाळेत असतात! मुख्याध्यापकांची सही तुमची सही नव्हे. तसं पत्र कुणी आणलं तर थेट सांगा.

वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार मागायचा. तो तुमच्या बाजूनं पूर्ण वाचन ऐकतो आणि सही करतो. संमती घेताना व्हिडिओ होणार का, तेही विचारा, आणि व्हिडिओसमोर नुसती मान हलवू नका, आपल्या शब्दांत परत सांगा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घराला प्रमाण मराठीतला कागद म्हणजे परकाच. दुभाष्या मागा.

आणि मूल. सात वर्षांपुढच्या मुलाची तोंडी तयारी विचारावी लागते, बारा पूर्ण झाल्यावर लेखी. ‘आम्ही ठरवलंय’ म्हणून त्याच्यापुढे पेन सरकवणं ही संमती नव्हे. माझी धाकटी चौदाची असताना तिला एका अभ्यासात घ्यायचं म्हणत होते. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तिनं विचारलं, “आई, दर महिन्याला सुई कुणाला टोचणार?” मग आम्ही दोघींनी बसून सुया मोजल्या. चोवीस भरल्या. ती नको म्हणाली, आणि मी तो कागद तसाच परत दिला. त्या रात्री मला झोप आली नाही, हेही खरं.

आधीचं औषध सुरू आहे का?

दारात आलेल्या तीन कुटुंबांपैकी दोघांची मुलं हायड्रॉक्सीयुरियावर नव्हती. हे ऐकून मला रडू आलं. ही रोजची गोळी शरीरात तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, क्रायसिस कमी करते आणि सरकारी दवाखान्यात मिळू शकते. कुणीतरी “ही कॅन्सरची गोळी आहे” सांगितलं म्हणून ती बंद पडली होती. सोबत फोलिक अ‍ॅसिड, न्यूमोकोकसची लस, भरपूर पाणी, तापाला त्याच दिवशी दवाखाना. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे सगळं नीट चालू असताना मूल कसं राहतं, ते आधी बघा. सख्ख्या भावंडाचा मगज जुळतो का, तेही तपासून घ्या. प्रत्येक सख्ख्या भावंडामागे ती शक्यता चारात एक असते आणि मगजरोपणानं सिकलसेल बरा झाल्याचा अनुभव कितीतरी जुना आहे. साधं औषध न मिळाल्यामुळे हतबल झालेल्या बापाचा होकार माझ्या समितीत मी मोकळा होकार मानत नाही.

जिथे थांबायचं

आतापर्यंत सांगितलं ते जन्मलेल्या, बोलू शकणाऱ्या माणसाबद्दल. कुणी तुम्हाला म्हणालं की गर्भच बदलून देतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांतूनही रोग जाईल, तर नाही म्हणा. भारतात आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या पिढीत उतरणारा जनुक-बदल निषिद्ध आहे. मार्च 2023 मध्ये लंडनला भरलेल्या जनुक-दुरुस्तीवरच्या जागतिक परिषदेनंही, आज हे स्वीकारता येणार नाही, असंच म्हटलं. याच परिषदेत व्हिक्टोरिया ग्रे बोलल्या. 2019 मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी क्रिस्पर घेणाऱ्या त्या पहिल्या रुग्ण. एकाच सभागृहात एका वापराचं स्वागत झालं आणि दुसरा थांबवला गेला, हे मला फार योग्य वाटतं.

चीनच्या शेनझेनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या संशोधकानं ही रेषा ओलांडली. नोव्हेंबर 2018 मध्ये जगाला कळलं की त्यानं गर्भावस्थेतच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत, पुढे तिसरं बाळही. वडील एचआयव्हीबाधित होते म्हणून मुलींना तो विषाणू कधीच लागू नये, असं त्याचं कारण. पण पुरुषाचं बीज धुऊन विषाणूपासून वेगळं करण्याच्या जुन्या पद्धतीनं बाळ तसंही सुरक्षित राहिलं असतं. आणि त्या जोडप्यांना दिलेल्या संमतीपत्रावर काय लिहिलं होतं? ‘एड्स लस विकास प्रकल्प’. मी बारा वेळा तरी आमच्या बैठकीत हे उदाहरण दिलं असेल. शीर्षकच खोटं असेल तर खाली केलेली सही कशावरची? डिसेंबर 2019 मध्ये त्याला तीन वर्षांची कैद आणि 30 लाख युआन दंड झाला. त्या मुलींच्या पेशींत नेमके कुठले बदल झाले ते एकसारखेही नव्हते, आणि पुढे त्यांच्या मुलाबाळांत ते उतरू शकतात. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं, विचारता येणारच नव्हतं.

सिकलसेलच्या बाबतीत बहुतेक जोडप्यांना गर्भ बदलण्याची गरजच नसते. दोघंही एएस असतील तर प्रत्येक वेळी बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. लग्नाआधी तपासणी, गरोदरपणात अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी, किंवा प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांतून निरोगी भ्रूण निवडणं, हे मार्ग आहेत. शिवाय एस जनुक निव्वळ कचरा नाही. एएस असलेल्या लेकराला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणूनच तो मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत इतका टिकला. गडचिरोलीत मलेरिया अजून आहे. वंशातून काय कायमचं पुसायचं हे ठरवण्याइतकं आपल्याला कळतं, असं मला वाटत नाही.

एक जोडपं मात्र माझ्यासमोर असं आलं की माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. दोघंही एसएस. सिकलसेलच्या शिबिरात ओळख झालेली, एकमेकांची दुखणी सांभाळत प्रेमात पडलेली. त्यांचं प्रत्येक मूल एसएसच होणार, निवडायला निरोगी भ्रूण असणारच नाही. त्यांतला मुलगा म्हणाला, “आमच्यासाठी तरी बदलायला काय हरकत आहे?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला धमकावून गप्प करता येत नाही. मी एवढंच सांगू शकले की आज ते तंत्र गर्भाच्या प्रत्येक पेशीत एकसारखं आणि इतरत्र न चुकता काम करेल याची खात्री कुणीच देत नाही, आणि चुकलं तर ते भोगणारं मूल तुमचं असेल. दात्याचं बीज किंवा दत्तक हे मार्ग मांडले. दोघं उठताना माझ्या पाया पडली. मला ते नको होतं.

ही रेषा मी इतकी घट्ट का धरते, त्याचं कारण आपल्याच राज्यात आहे. गर्भजल परीक्षा 1970च्या दशकात भारतात आली ती आनुवंशिक आजार शोधायला. काही वर्षांत मुंबईत पाट्या लागल्या, आज पाचशे खर्च करा आणि पुढचे हुंड्याचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या. 1988 मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यातल्या मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. माझ्या वर्गातली बाकं मी डोळ्यांनी बघितली आहेत. आजारासाठी आणलेलं तंत्र आपण घरच्या हौसेसाठी आणि मुलाच्या हट्टासाठी कसं वापरतो ते आपल्याला शिकवायला परदेशी तज्ज्ञ नकोत. गर्भ बदलण्याचं दार उघडलं की पुढचं गिऱ्हाईक गोरा रंग आणि उंची मागायला येईल. उंचीशी जनुकसंचातल्या सुमारे 12 हजार जागांचा संबंध 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात आढळला, म्हणजे ते विकणारा फसवतच असेल. पण मुलगी होऊ नये म्हणून पुड्या विकणारेही फसवतच होते, आणि त्यांचा धंदा चालत होता.

कागद घरी आणल्यावर

सही त्याच दिवशी करू नका. प्रत घरी आणा, जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचा, ज्याच्यावर प्रयोग होणार त्याला समोर बसवा. न कळलेल्या शब्दाभोवती गोल करा आणि ते गोल घेऊन परत जा. दुसऱ्यांदा समजावून सांगताना डॉक्टरांचं उत्तर पहिल्या वेळेपेक्षा वेगळं आलं तर तिथेच थांबा आणि समितीच्या सचिवांना फोन लावा. त्यांचा नंबर कागदावर असतो.

आणि सही केलीत, तर सही केलेली एक प्रत मागून घ्या. मूल अठराचं झाल्यावर त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यावी लागते, ती तारीख प्रतीच्या मागे लिहा. 2016 च्या कायद्यानं सिकलसेल अपंगत्वात धरला आहे, त्याचा दाखला तुमच्या लोखंडी कपाटात असेलच. त्याच पिशवीत, जातीच्या दाखल्याच्या वर ही प्रत ठेवा, आणि मुलीला दाखवून ठेवा की ती कुठे आहे. उद्या ती पुण्याला नोकरीला गेली, तिथे आजारी पडली, तर अनोळखी डॉक्टरला तिच्या रक्तात काय बदललंय ते सांगायला तुम्ही शेजारी नसाल.